फळीवर ठेवलेली रेकॉर्ड

आमच्या गल्लीतली सकाळ मिलच्या भोंग्याने व्हायची. पहिला भोंगा झाला की माय चूल पेटवायची, दुसरा होईपर्यंत बांच्या डब्यात ज्वारीच्या भाकरी आणि वांग्याची भाजी पडलेली असायची, आणि तिसरा व्हायच्या आत बा गल्लीच्या तोंडाशी पोचलेले असायचे. बा म्हणजे माझे वडील. मिलच्या लूम खात्यात त्यांचं सगळं तारुण्य गेलं आणि तिथल्या खडखडाटात निम्मे कानही गेले. त्यामुळे घरातही ते पलीकडच्या मागावरच्या माणसाला हाक मारावी तसे बोलायचे. "च्या दे वं" एवढं म्हणाले तरी शेजारची बाई दारात येऊन पाहायची. लग्न होऊन मी सासरी गेले तेव्हा तिथले सगळे इतक्या हळू बोलायचे की घरात कोणी आजारी आहे की काय, असं मला कितीतरी दिवस वाटत राहिलं.

घर दोन खोल्यांचं, वर कवेलूंचं छप्पर. बाहेरच्या खोलीत एक फळी होती आणि तिच्यावर बुद्धाची छोटी मूर्ती. बांनी घरात एक रिवाज घालून दिला होता. घरात जे काही नवं आणि मोलाचं येईल ते आधी फळीवर ठेवायचं, मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणायचं, आणि पौर्णिमा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. माझं मॅट्रिकचं मार्कलिस्ट तिथे गेलं, मायचं नवं लुगडं गेलं, दादाच्या नव्या चपलासुद्धा गेल्या असत्या, पण चपला नकोत म्हणून मायने हात जोडले. त्याच फळीवर मूर्तीच्या उजव्या हाताला, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली दोन युनिटं असायची. युनिट म्हणजे लाऊडस्पीकरच्या कर्ण्यामागे बसवतात तो जड लोखंडी गड्डा. आमच्या विहाराचा लाऊडस्पीकर बांच्या ताब्यात होता. कर्णे दाराआड उभे असत, पण युनिटं बांनी कधी जमिनीवर ठेवली नाहीत. त्यातून वंदना निघते, ते खाली कसं ठेवायचं, असं त्यांचं म्हणणं. त्यात जबर चुंबक होतं. मायची सुई हरवली की ती बा नसताना एक युनिट हळूच उतरवायची, सारवलेल्या जमिनीवरून फिरवायची, आणि सुई आपोआप येऊन चिकटायची.

बांचं आणि वाजवण्याचं काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझे आजोबा गावात दुसऱ्यांच्या लग्नात डफडं वाजवायचे. वाजवून झालं की अंगणाच्या कडेला बसायचं आणि उरलंसुरलं धोतराच्या सोग्यात घेऊन यायचं. बांनी लहानपणी ते अन्न खाल्लं होतं, आणि त्याबद्दल बोलताना त्यांचा एवढा मोठा आवाजही खाली यायचा. दीक्षा घेऊन आले त्या रात्री त्यांनी ते डफडं स्वतःच्या हाताने फाडलं आणि चुलीत घातलं. या घरातलं कोणी यापुढे कोणाच्या दारात वाजवणार नाही, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. आणि अशा माणसाच्या पोटी माझा भाऊ दिलीप जन्माला आला. तो चालताना भिंतींवर ताल धरायचा.

दादा माझ्यापेक्षा थोडासाच मोठा. बांनी खटपट करून त्याला मिलमध्ये बदलीवर, म्हणजे कोणी गैरहजर असेल त्याच्या जागी, लावलं होतं. पण रेल्वे क्वार्टरमधला फ्रेडी त्याचा मित्र झाला, त्याच्या घरी गिटार होती, आणि तिथून पुढे मिल मागे पडली. फ्रेडी बेस वाजवायचा. ड्रमवर अशोक, त्याच्या घरचा लग्नाचा बँड होता म्हणून हात आधीच तयार. पेटी मला येत होती, विहारातली. मायने मला दादावर लक्ष ठेवायला म्हणून पाठवलं आणि मीही तिथलीच झाले. बँडचं नाव 'फॉर्टी-सेव्हन'. लोकांना वाटायचं, स्वातंत्र्याचं साल असेल. दादा सांगायचा, नाही, मे महिन्यातलं नागपूर आहे.

सुरुवातीला आम्ही रेल्वेच्या क्लबात नाचाच्या वेळी इंग्रजी गाणी वाजवायचो. हे बांना कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की वाजवून झाल्यावर जेवायला कुठे बसवतात. आम्हाला मागच्या व्हरांड्यात बसवत, हे दादाला सांगावं लागलं. त्या दिवसापासून बांनी दादाशी बोलणं सोडलं. समोर बसलेला असला तरी मायला म्हणायचे, "त्याले सांग, भाजी वाढून घे." माय बिचारी ते दादाला पुन्हा सांगायची, जणू त्याला ऐकू गेलंच नव्हतं. दादाने मिल सोडली, मग तर घरात बांचा मोठा आवाजही नाहीसा झाला. एवढी शांतता मी त्या घरात कधी ऐकली नव्हती, आणि ती मला अजिबात आवडली नाही.

दादानेही क्लबात जाणं सोडलं. पण वाजवणं सोडलं नाही. तो स्वतःची गाणी करायला लागला, आपल्या बोलीत. पहिलं गाणं असं सुरू व्हायचं:

भोंगा झाला, ऊठ माय, भाकर बांध फडक्यात,
दिवस माहा गेला सारा धाग्याच्या या गुंत्यात.

इलेक्ट्रिक गिटारवर हे असं ऐकून फ्रेडी आधी हसला, आणि पंधरवड्यात त्याला ते आमच्यापेक्षा पाठ झालं. अशी आठ गाणी झाली. फ्रेडीच्या मामाची कलकत्त्याला एका रेकॉर्ड कंपनीत ओळख होती. तिकडून निरोप आला की टेप पाठवा, पसंत पडली तर लाँगप्ले काढू. इकडे फ्रेडीच्या घरच्यांचे ऑस्ट्रेलियाला जायचे कागद आले. बुद्धपौर्णिमेच्या आधीच ते सगळे निघणार होते. म्हणजे जे काय करायचं ते आत्ताच, नाहीतर कधीच नाही.

सीताबर्डीला एका कापडदुकानाच्या वर मनोहररावांची खोली होती. दुकानांच्या आणि सिनेमाच्या जाहिराती ते तिथे टेप करायचे. आम्ही तिला स्टुडिओ म्हणायचो, आणि ती होतीही. भिंतींना चारी बाजूंनी कापसाच्या गाद्या ठोकलेल्या, खिडकीवर घोंगडी, आणि मधे एकच मोठं मशीन. सगळ्यांनी एकदम वाजवायचं, एकदम गायचं. कोणी चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. घमेल्यात बर्फाची लादी ठेवून आम्ही तिच्याभोवती वाजवायचो. उकाड्याने गिटारच्या तारा उतरायच्या, माझ्या पेटीचा भाता घामाने हातातून सुटायचा. गाद्यांना मिलच्या भोंग्याचं मात्र काही वाटत नव्हतं. तो सरळ आत यायचा. म्हणून मनोहरराव घड्याळ पाहून दोन भोंग्यांच्या मधे टेप चालू करायचे. आज माझ्या नातवाचे मित्र घरातल्या पलंगावर बसून गाणी भरतात आणि चुकलेला तेवढाच शब्द पुसून पुन्हा म्हणतात. चांगलं आहे. पण चुकायची जी धास्ती असते ना, तिच्यामुळे आमचे चौघांचे श्वास एक झाले होते.

शेवटच्या दिवशी भोंग्याचंच गाणं पुन्हा घ्यायचं होतं, टेप त्यानेच सुरू झाली होती आणि त्यानेच संपणार होती. ते लांबलं. दादाचा शेवटचा सूर चालू असतानाच दुपारच्या पाळीचा भोंगा झाला आणि टेपवर आला. मनोहररावांनी कपाळावर हात मारला. दादा म्हणाला, "राहू द्या. तो आपल्यातलाच हाये." हसत हसत आम्ही सगळी टेप ऐकायला बसलो, आणि तासाभराने दारावर थाप पडली. बाहेर बा उभे होते, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा आणि हातात कैरीच्या पन्ह्याची बरणी. मायने सकाळी ती त्यांच्या हातात दिली होती, पाळी सुटल्यावर पोरांना नेऊन द्या म्हणून. नको म्हणता आलं असतं, पण ते भर उन्हात, लू चालू असताना, चालत सीताबर्डीपर्यंत आले होते. मनोहररावांनी त्यांना खुर्ची दिली, कानाला हेडफोन लावला, आणि आवाज पूर्ण सोडून तेच गाणं ऐकवलं. बा मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी भोंगा आला तशी त्यांनी मान वर केली. इतक्या महिन्यांनी ते पहिल्यांदा दादाशी बोलले.

"कोनाच्या दारात वाजवलं हे?"

"कोनाच्याच नाही, बा. दार आतून बंद होतं," दादा म्हणाला.

बांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, झटकला, आणि टेपचा चपटा डबा त्यात गुंडाळून छातीशी धरला. रिक्षात बसलो तरी त्यांनी तो कोणाला धरू दिला नाही. दादा माझ्याकडे पाहून हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. मी त्याला त्याच्याआधी आणि त्याच्यानंतर इतक्या आनंदात पाहिलं नाही.

घरी आल्यावर अर्थातच डबा फळीवर गेला. पौर्णिमा झाली की कलकत्त्याला पाठवायचं ठरलं. फळीवर जागा कमी होती. बांनी मूर्तीकडे पाहिलं, युनिटांकडे पाहिलं, आणि ज्यातून वंदना निघते त्याच्यावरच पोराचं गाणं ठेवलं. त्याहून मानाची जागा त्या घरात नव्हती. मेणबत्ती दादानेच लावली. आम्ही सगळे हात जोडून उभे होतो, मायने तर डोळे पुसले. कोणाच्या मनात काही आलं नाही. पौर्णिमेच्या दिवशी बांनी युनिटं कर्ण्यांना जोडायला डबा जपून उतरवला आणि संध्याकाळी तसाच पुन्हा त्यांच्यावर ठेवला. मायने पातेलंभर खीर केली होती. विहारात खीर वाटता वाटता बा प्रत्येकाला सांगत होते, "दिलीपची रेकॉर्ड निघून राहिली." त्यांच्या आवाजाला लाऊडस्पीकरची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाठवण्याआधी एकदा ऐकावं म्हणून दादा, अशोक आणि मी डबा घेऊन सीताबर्डीला गेलो. फ्रेडी तोवर गेला होता. मनोहररावांनी टेप लावली. गाणं सुरू झालं, आणि दोन शब्दांनंतर आवाज बुडाला. वर आला, पुन्हा बुडाला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक खड्डा. टेप जसजशी आतल्या वेढ्यांकडे गेली तसतसे खड्डे जवळ जवळ येत गेले. शेवटच्या गाण्यात तर अर्धा शब्द यायचा, अर्धा जायचा, आणि भोंगा हुंदके दिल्यासारखा तुटत तुटत वाजला. मनोहररावांचा चेहरा उतरला. डबा कुठे ठेवला होता, जवळ चुंबक होतं का, असं त्यांनी विचारलं. टेपवरचा आवाज चुंबकानेच उमटतो आणि चुंबकानेच पुसला जातो, हे त्या दिवशी आम्हाला कळलं. हे आधी सांगायला हवं होतं, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. पण कोणाच्या घरात, देवाच्या फळीवर लाऊडस्पीकरचे गड्डे असतील, हे त्यांच्या तरी मनात कसं येणार?

दुसरी प्रत नव्हती. फ्रेडी समुद्रावर होता. अशोक जमिनीवर बसून रडला. दादा रडला नाही. त्याने टेप गुंडाळून डब्यात ठेवली आणि आम्हाला दोघांना म्हणाला, "बाले हे कोनी सांगाचं नाही. मायलेही नाही. शपथ घ्या." मी विचारलं, मग काय सांगायचं? तर म्हणाला, ते मी पाहतो.

महिनाभराने त्याने घरी सांगितलं की कंपनीला गाणी आवडली नाहीत. टेप त्याने पाठवलीच नव्हती. ती त्याच्या कपड्यांच्या पेटीच्या तळाशी होती. बा भडकले. कंपनीवर, कलकत्त्यावर, फ्रेडीच्या मामावर. "त्याइले काय समजते गाण्यातलं," असं ते मिलमध्ये ज्याला त्याला ऐकवायचे. आणि दादा खाली मान घालून, आपण नापास झालेला मुलगा आहोत असं दाखवत, भाकरी खात राहायचा. मला ते पाहवायचं नाही. त्याच्या वाट्याला कोणाचीच शाबासकी आली नाही, आणि वर कीव आली. तो पुन्हा मिलमध्ये लागला, बांच्याच पाळीत. सकाळी दोघे सोबत निघायचे. बा पुढे, दादा मागे, आणि दादा चालता चालता आपली गाणी गुणगुणायचा. गल्लीच्या तोंडाशी आवाज नाहीसा होईपर्यंत मी दारात उभी राहायची.

काही वर्षांनी दादाला कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध झालं, मग मेडिकलच्या दवाखान्यात नेलं, पण उशीर झाला होता. त्याच्या लग्नाचं बघणं चालू होतं. मी माझ्या लेकराला कडेवर घेऊन माहेरी आले तेव्हा बा फळीसमोर बसले होते आणि एक शब्द बोलत नव्हते. माय एकटीच बोलत होती, तीही भिंतीशी. यावर मी जास्त लिहू शकत नाही. इतकी वर्षं झाली, तरी त्या खोलीपाशी आले की माझा हात थांबतो.

पावसाळा संपत आला तेव्हा बा मला म्हणाले, "शकू, त्याची टेप आयकाची हाये मले." मी नाना कारणं काढली. मशीन नसेल, मनोहरराव नसतील, टेप सापडणार नाही. त्यांनी दादाची पेटी आधीच उघडली होती. डबा त्यांच्या मांडीवर होता. मी त्यांना रिक्षाने सीताबर्डीला घेऊन गेले. तीच खोली, त्याच गाद्या, आता रंग विटलेल्या. मनोहररावांनी मला ओळखलं, डबा ओळखला, आणि माझ्याकडे पाहिलं. बांच्या मागून मी त्यांना नको अशी मान हलवली. ते टेप चढवत होते तेवढ्यात बा कपाटावरचं वाचायला लागले. रात्रशाळेत शिकल्यापासून त्यांना दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची सवय होती. "टेपजवळ चुंबक किंवा लाऊडस्पीकर ठेवू नये," त्यांनी वाचलं. आमचं झाल्यानंतर मनोहररावांनी ते कपाटावर रंगवून घेतलं होतं. मी खुर्ची कपाटाकडे पाठ होईल अशी वळवली. बा मात्र वाचून मोकळे झाले आणि खुर्चीत बसून त्यांनी कानामागे हात धरला.

गाणं सुरू झालं आणि बुडालं. वर आलं आणि बुडालं. जुनी झाली टेप, मनोहरराव घाईघाईने म्हणाले. बा थोडा वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी मान वळवून कपाटावरच्या पाटीकडे पाहिलं, आणि कितीतरी वेळ पाहत राहिले. मनोहररावांनी मशीन बंद केलं.

"दिलीपले मालूम होतं?" बांनी विचारलं.

"हो, बा."

"अन् मले म्हने, कंपनीले आवडलं नाही." त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "मी इतके साल कंपनीले शिव्या देल्या, शकू."

मी त्यांच्या गुडघ्याशी बसले आणि ओक्साबोक्शी रडले. ते रडले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी मनोहररावांना सांगितलं, पयलेपासून लावा. टेप पुन्हा सुरू झाली. 'भोंगा झाला, ऊठ' इथे आवाज बुडाला, आणि त्या खड्ड्यात बा म्हणाले, "माय." 'भाकर' पुढे पुन्हा बुडाला. बा म्हणाले, "बांध." मग मला कळलं की रोज सकाळी मिलच्या वाटेवर पुढे चालणारे बा काय ऐकत होते. त्यांना सगळं पाठ होतं. सुरात नव्हतं, वंदनेखेरीज त्यांनी जन्मात काही म्हटलं नव्हतं. पण गाण्यामागून गाणं ते दादाचे गेलेले शब्द भरत गेले. पुढे खड्डे इतके दाट झाले की त्यांना पुरे पडेना. तेव्हा ते थांबलेच नाहीत, सलग म्हणत राहिले. बापलेकांनी एकत्र गायलेलं तेवढंच. शेवटी भोंगा तुटत तुटत वाजला तेव्हा मात्र ते गप्प बसले.

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही युनिटं फळीवरून उतरवली आणि विहारात नेऊन दिली. आता दुसऱ्या कोणीतरी सांभाळा, एवढंच सांगितलं. मायने कारण विचारलं नाही. पुढे बाही गेले, माय गेली, मिल बंद पडली, भोंगा थांबला. मनोहररावांनी नंतर त्या टेपची कॅसेट करून दिली. तिच्यावर दादा आहे, फ्रेडी, अशोक आहेत, मी आहे. बा नाहीत. त्या दिवशी खोलीत भरून घ्यायचं मशीन होतं, मनोहरराव होते, पण ते शब्द टेप करावेत असं कोणाला सुचलं नाही.

मागच्या वर्षी नातवाने ती कॅसेट संगणकात चढवली. आजी, आता हे खड्डे भरून काढता येतात, मामाआजोबांच्याच आवाजात, असं तो म्हणाला. मी त्याला नको म्हटलं. का नको ते नीट सांगता आलं नाही, आणि तो थोडा हिरमुसला. दुपारी घरात कोणी नसलं की मी ते लावते. 'ऊठ' आलं की आवाज बुडतो, आणि तिथे मी बारीक आवाजात 'माय' म्हणते. परवा काय वाटलं कोण जाणे, बांच्यासारखं म्हटलं, पलीकडच्या मागावर ऐकू जाईल असं. शेजारची बाई खरंच दारात आली आणि काय झालं म्हणून विचारायला लागली.

काही नाही, मी म्हटलं, आमची रेकॉर्ड लावली होती.